कोणती पुळण?

खुटबावच्या बोलीत समुद्रासाठी शब्द नाहीत. कालव्यासाठी आहेत : पाळी, चारी, दारे, पाट. ओढ्यासाठी आहेत, विहिरीसाठी तर अर्धा शब्दकोश भरेल. परंतु लाटेने भिजवलेल्या वाळूच्या पट्ट्याला कोकणात ‘पुळण’ म्हणतात, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. आणि पुळणी दहा असतील तर त्यांतली आपली कोणती, हे ठरविण्यासाठी माणसाला आधी दीड महिना इतिहास वाचावा लागतो, हे त्याहूनही नंतर.

आमचे गाव दौंड तालुक्यात. पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी यवत सोडते आणि केडगाव येण्यापूर्वी क्षणभर थांबते, ते आमचे स्टेशन. उसाचा आणि गुऱ्हाळांचा हा मुलूख. पाणी आमच्याकडे आहे, नाही असे नाही. पण ते चमत्कारिक स्वभावाचे. सह्याद्रीच्या माथ्यावर, म्हणजे समुद्रापासून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवर, पडलेला पाऊस जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवतो. मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत असा सारा दख्खन ओलांडून तो बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतो. आमच्या मुलांनीही आजवर तेच केले होते. पंढरपूर पाहिले, तुळजापूर पाहिले. पश्चिमेकडे लोणावळ्यापलीकडे वर्गातले कोणी गेलेले नव्हते.

गेल्या मार्गशीर्षात मी पालकांच्या सभेत समुद्राचे नाव काढले, तेव्हा जी शांतता पसरली ती मी जन्मात विसरणार नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले चौदा विद्यार्थी बुडाले. तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात ‘सहल’ आणि ‘समुद्र’ हे दोन शब्द एका वाक्यात आले की आयांचे हात पदराकडे जातात.

माझ्या स्वतःच्या मनातही एक काटा होताच. त्याच्याही आधीची गोष्ट. दुसऱ्या एका गावी शिकवीत असताना मी मुले घेऊन कोकणात गेलो होतो. कोणत्या किनाऱ्यावर जायचे ते गाडीच्या चालकाने ठरविले, किती वाजता पोहोचायचे ते वाटेतल्या चहाने. पोहोचलो तेव्हा समुद्र पार रस्त्यापर्यंत आलेला, वाळू म्हणून शिल्लक नव्हतीच. एक मुलगा दगडावरून घसरला आणि छातीएवढ्या पाण्यात गेला. मी शर्टासकट उडी घेतली. पोहणे विहिरीत शिकलेलो, लाट काय असते ते त्या दिवशी शिकलो. मुलगा वाचला. शाळेत त्याची वाच्यता फारशी झाली नाही. पण माझ्या झोपेत तो मुलगा पुढे कितीतरी वर्षे घसरत राहिला.

सभेत शेवटी एक आजी उठल्या. त्यांचा नातू माझ्याच वर्गात, बाप नाही. म्हणाल्या, “गुरुजी, समिंदर दाखवा पोराला. आम्ही नाही पाह्यला, त्यानं तरी बघावा. पर जागा नीट बघून न्या.”

जागा नीट बघून न्या! अर्ज-परवानग्यांचे सोपस्कार मुख्याध्यापकांनी पाहिले. जागेचे काम माझ्याकडे आले.

गाव ठरविण्यास वेळ लागला नाही. अलिबाग. मोठ्या शहराची गर्दी नाही, घाट उतरला की फार लांब नाही, आणि एकाच तालुक्यात एवढ्या पुळणी की निवडण्यास वाव मिळावा. शिवाय माझे त्या गावाचे एक देणे लागत होते. वर्गात कोणी बावळटासारखे उत्तर दिले की “अलिबागहून आलास का रे?” असे मी वर्षानुवर्षे विचारीत आलो आहे. या वाक्प्रचारावर बंदी घालावी म्हणून एका अलिबागकराने मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला होता. २०१९ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. असा विनोद प्रत्येक समाजावर होतो, मनाला लावून घेऊ नये, असे न्यायमूर्तींचे म्हणणे पडले. कायद्याने मी सुटलो, तरी मनाला थोडे लागलेच. ज्या किनाऱ्याचा इतिहास एवढा चतुर माणसांनी घडविला, त्याच्या नावावर बावळटपणा कसा चिकटला, कोण जाणे.

मी काही इतिहासाचा पदवीधर नाही. कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर. पण रात्री जेवणे झाली की नकाशा पसरायचा, १८८३ सालचे कुलाबा जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर शब्दकोशाच्या आधाराने वाचायचे, आणि एकेका पुळणीची चौकशी स्थळ पाहिल्यासारखी करायची, असा क्रम सुरू झाला. (कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले, जुनी पुस्तके उघडताना एवढे लक्षात ठेवावे लागते.) आमच्या मंडळींनी दोन-चार दिवस पाहिले आणि विचारले, “मुलगी कुणाची आहे?”

रेवसपासून रेवदंड्यापर्यंतच्या या पट्टीला अष्टागर म्हणतात. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग असलेली वस्ती. आठ आगरे कोणती, याची यादी गावोगावी निराळी ऐकावयास मिळते. प्रत्येक गाव आपले नाव आठांत घालते आणि शेजाऱ्याचे गाळते.

उत्तरेकडून सुरुवात केली. किहीमला १९३० मध्ये सलीम अलींनी सुगरण पक्ष्यांची घरटी बांधण्याची रीत आणि त्यांचे संसार न्याहाळले. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन पाहते, पसंत पडले तरच संसार. आणि तेवढ्यात नर दुसऱ्या घरट्याला लागलेला! पक्षिशास्त्रात हे काम नावाजले. पण सुगरणीचे घरटे आमच्या प्रत्येक विहिरीवरच्या बाभळीला लटकते. तेच पाहण्यासाठी मुलांना घाट उतरवून कशाला न्यावे? किहीम गळले.

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे दिसतात. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट उभारावयास माणसे उतरविली. मुंबईच्या इंग्रजांना ते डोळ्यांत खुपले, कारण ते बेट म्हणजे मुंबई बंदराच्या दारातच मांडलेला पाट. त्यांनी गलबते आणून वेढा घातला; पण मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या छोट्या, उथळ तळाच्या होड्या रात्री वल्ही मारीत मधून निसटायच्या आणि बेटावर शिधा पोचवायच्या. मोठ्या गलबतांना वारा लागतो, वल्ह्यांना माणसे पुरतात. इंग्रजांना अखेर वेढा उठवावा लागला. उंदेरी मात्र १६८० च्या आरंभी जंजिऱ्याच्या सिद्दीने बळकावली आणि दोन शेजारी बेटे एकमेकांवर तोफा रोखून बसली. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत खांदेरी आहे. एवढे सगळे खरे. परंतु तिथे जायचे तर मचव्यात बसावे लागते. पोरे मचव्यात बसविण्याची माझी छाती नव्हती. थळ गळले.

नवगावपाशी मी अडखळलो. फार पूर्वी, केव्हा ते सांगता येत नाही, एक जहाज या किनाऱ्याजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत कथा आहे. बुडालेल्यांना नवगावात पुरले. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे घातले, मराठी बोलू लागले, गावांवरून किहीमकर, नवगावकर अशी आडनावे घेतली, आणि धर्मातले बरेचसे विसरले तरी शनिवारी घाणा जुंपला नाही. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. त्यांच्या घरांतून मराठी तिकडे पोहोचली. चौदा माणसांना ज्या वाळूने वर घेतले ती वाळू मला पाहावयाची होती. पण नवगाव उत्तरेला, बाकीची ठिकाणे दक्षिणेला, आणि दिवस एकच. शिवाय चौदा हा आकडा. मुरूडलाही चौदाच. मास्तराने असल्या योगायोगांवर विश्वास ठेवू नये, हे मला कळते. तरीही नवगावावर मी काट मारली आणि तिचे खरे कारण सभेत सांगितले नाही.

मुरूड आणि काशिद यांची चौकशी केलीच नाही.

उरली तीन : अलिबागची स्वतःची, आक्षीची आणि रेवदंड्याची.

अलिबागची पुळण दिसायला म्हणाल तर बेताची. वाळू काळपट, पाणी गढूळ. हिंदी सिनेमातली नायिका तिथे पळणार नाही. पण समोर दीड-दोन किलोमीटरवर खडकावर कुलाब्याचा किल्ला बसलेला आहे. १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी तो बांधावयास घेतला. महाराज त्याच वर्षी गेले आणि पुढचे काम संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत झाले. तटाच्या भिंतीत मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर रचले आहेत. प्रथमदर्शनी हा आळस वाटतो. वस्तुतः फटींतून लाट आत शिरते, तिचा जोर मोडतो आणि पाणी निथळून जाते. चुन्याची सलग भिंत त्याच लाटेशी दिवसातून दोनदा टक्कर घेत बसली असती. आमच्या ओढ्यावरचे जुने ताल असेच असतात. गवंडी कोकणचा असो की देशावरचा, पाण्यापुढे अक्कल सारखीच चालते.

या किल्ल्याचा खंदक माणसाने खणलेला नाही. ओहोटीला पुळणीवरून चालत जावे. भरती आली की तोच किल्ला बेट. दिवसातून दोनदा दार उघडते, दोनदा लागते, आणि किल्ली चंद्राकडे.

कान्होजी आंग्र्यांनी हे दार नीट ओळखले होते. १७२१ च्या डिसेंबरात मुंबईचे इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली. जमवाजमव पोर्तुगीजांच्या चौलला झाली. इंग्रजांच्या आरमाराचा कमोडोर थॉमस मॅथ्यूज हा मोठा तापट गृहस्थ. त्या वेळच्या एका इंग्रजी हकिकतीत त्याची फजिती आली आहे. आंग्र्यांच्या एका घोडेस्वाराने भाला फेकला तो याच्या मांडीत घुसला. हा संतापून एकटाच त्याच्यामागे घोडा फेकीत गेला, पिस्तूल रोखले, चाप ओढला, काही झाले नाही. दुसरे रोखले, तेही मुके. रागाच्या भरात दोन्ही भरावयाची राहून गेली होती! किल्ल्यावरचा हल्ला फसला. इतक्यात बाजीराव पेशवे देशावरून घोडदळ घेऊन उतरले. पोर्तुगीजांनी १७२२ च्या जानेवारीत परस्पर तह केला आणि इंग्रज एकटे पडून मुंबईला परतले. मला या गोष्टीत रस का, तर आमच्याकडची घोडी तेव्हा घाट उतरून या पुळणीला लागली होती. त्यांनीही समुद्र पहिल्यांदाच पाहिला असेल. घोड्याला समुद्र पाहून काय वाटते, हे कोणा बखरकाराने लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

तेव्हा जागा ठरली. आता वेळ. इथे मला कोकणातल्या एका निवृत्त शिक्षकांनी फोनवरून जे गणित सांगितले, ते मी वाचकांना फुकट देतो. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याला पाऊणने गुणावे. येईल ती भरतीची वेळ, अंदाजे. भरतीपासून साधारण सहा तास मागे-पुढे ओहोटी. वद्य पक्षाची चतुर्थी घेतली तर चार पाऊण तीन : दुपारी तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. अष्टमी घेतली तर आठ पाऊण सहा, ओहोटी दुपारी बारा. पण अष्टमीच्या सुमारास समुद्राचे अंगच आळसट, पाणी फार मागे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेला ते पुष्कळ हटते, मात्र तेव्हाची ओहोटी सकाळी सहाच्या आसपास, आणि सहा वाजता खुटबावची पोरे घाटातच असायची. म्हणून पौर्णिमेनंतर चार दिवसांनी, चतुर्थी. हे गणित मी वर्गाकडूनच फळ्यावर करून घेतले. पाऊणकीचा पाढा येत नाही म्हणून आजवर ज्यांचे कान धरले, ती पोरे घरी जाऊन आजीकडून पाठ करून आली. किनाऱ्यावरच्या छापील तक्त्याशी ताडा केला तेव्हा वीस मिनिटांचा फरक निघाला. पंचांग आणि सरकार यांच्यात एवढा फरक चालायचाच.

मग एक गोष्ट ध्यानात आली आणि सारा दिवसच जुळला. किल्ला ओहोटीला पाहावा. पण बंदर भरतीला पाहिले पाहिजे. ओहोटीच्या बंदरात चिखलाखेरीज काही दिसत नाही. नऊ वाजता कुलाबा, तीन वाजता रेवदंडा. आक्षी मधल्या वाटेवर.

मध्यरात्री एस.टी. निघाली. बेचाळीस मुले, चार शिक्षक. संकष्टी असल्यामुळे आमच्या बाईंचा उपास. त्यांनी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा मांडीवर घट्ट धरला होता, तो कोणाला भूक लागली म्हणून नव्हे तर घाट लागला म्हणून. बोरघाटात निम्मी गाडी ओकली. त्या आजींनी नातवाजवळ समुद्राला वाहण्यासाठी एक नारळ दिला होता. नारळाच्या गावाला खुटबावहून नारळ! गाडीत हसे झाले. पोराने तो पिशवीतून बाहेर काढला नाही.

साडेआठला पुळणीवर उतरलो. पाणी मागे हटत होते, घोडागाड्या किल्ल्याकडे निघाल्या होत्या. मुले एकदम गप्प झाली. मग त्या नातवाने विचारले, “गुरुजी, पल्याडचा काठ कुठाय?”

नदी पाहिलेल्या पोराचा प्रश्न. मी म्हणालो, दुपारी सांगतो.

घोट्याएवढ्या पाण्यातून, एकमेकांचे हात धरून, चालत गेलो. किल्ल्यात १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी बांधलेले गणपतीचे देऊळ आहे. संकष्टीला समुद्रातल्या गणपतीचे दर्शन घडले म्हणून बाई सगळा घाट विसरल्या. चारी बाजूंना खारे पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याची विहीर. मुलांनी आधी समुद्राचे पाणी जिभेला लावून तोंडे वाकडी केली होती, म्हणून विहिरीचे पाणी ओंजळीत घेताना ती बिचकली. उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा उभ्या आहेत. त्यांवर १८४९ साल आहे. आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी १८४० मध्येच खालसा केले होते. म्हणजे ज्या किल्ल्यापुढे मॅथ्यूजची पिस्तुले चालली नाहीत, त्यावर या तोफा आल्या त्या लढाई संपल्यानंतर. मुलांना मात्र मॅथ्यूजच आवडला. परतताना दोन पोरे घोडा-घोडा खेळत एकमेकांवर रिकामी पिस्तुले झाडीत होती.

साडेदहाला वाळूवर मोजणी केली. त्रेचाळीस भरली. पुन्हा मोजली; त्रेचाळीस! एक कमी भरला असता तर माझे काय झाले असते ते सांगवत नाही, पण एक जास्त भरल्यावर काय करावे हेही कोणत्या परिपत्रकात नाही. शेवटी एक उघडा पोरगा हसत पुढे आला. तिथल्याच कोळीवाड्यातला, लाडू वाटताना तो रांगेत उभा राहिला होता आणि मोजतानाही प्रामाणिकपणे उभा राहिला. बाईंनी त्याला आणखी एक लाडू दिला.

गावात कान्होजींची समाधी आहे. १७२९ मध्ये ते गेले. तिथे नमस्कार करून निघालो. चुंबकीय वेधशाळा गाडीतूनच दाखविली. मुंबईत विजेची ट्राम येणार, तिच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतली नाजूक यंत्रे बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलविले आणि इमारतीत लोखंड वापरले नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवण्याएवढी शांतता ज्या गावात सापडली, त्याला आम्ही बावळट म्हणत होतो.

आक्षीत पुळणीपेक्षा मला शिलालेख पाहावयाचा होता. शिलाहार राजा केशिदेव याच्या वेळचा हा दगड. देवीसाठी धान्य दिल्याची नोंद त्यावर आहे. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असे साल अनेक अभ्यासक वाचतात, आणि ते खरे धरले तर मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत याचे स्थान फार वरचे. सालाबद्दल विद्वानांत वाद आहे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा असल्या दगडांची आठवण पुष्कळांना झाली. मुलांनी अक्षरांवरून बोटे फिरविली; दोन-तीन अक्षरे ओळखली आणि “आपलंच हाय की!” म्हणून सुरूच्या बनात पळाली. तिथे डबे सोडले. पुळण लांब, सपाट; लाट दुरून येते आणि येताना सांगून येते. मुलांना पाण्यात मनसोक्त खेळू दिले ते इथे, गुडघ्यापर्यंत, दोरी धरून. माझ्या निवडीतली सर्वांत सोपी जागा हीच होती, आणि मुलांना विचाराल तर सहल म्हणजे तेवढाच तास.

रेवदंड्यात शिरताना रस्ताच किल्ल्याच्या वेशीतून जातो. गाव तटाच्या आत आहे. जुने चौल ते हेच आणि याच्या शेजारचे. टॉलेमीला हे बंदर माहीत होते. दहाव्या शतकात मसूदी हा अरब प्रवासी इथे येऊन गेला. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात किल्ला बांधला, तो १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. ‘सातखणी’ म्हणून जो मनोरा दाखवितात, त्याचे आता चारच मजले उभे आहेत. तटाला लागून समुद्र चढत होता. अडीच वाजले होते. खाडीच्या पलीकडे कोर्लईचा डोंगर पाण्यात शिरलेला. त्याच्या पायथ्याच्या वस्तीत अजून पोर्तुगीजांपासून उगवलेली एक बोली बोलतात.

याच खाडीत १५०८ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा याचे जहाज अडकले. इजिप्तच्या सुलतानाचे आरमार आणि दीवचा मलिक अयाज एका बाजूला, हा दुसऱ्या बाजूला. जहाजाला भोक पडून पाणी शिरू लागले आणि ते वाहत जाऊन कशाला अडकले, तर कोळ्यांनी जाळी बांधण्यासाठी पाण्यात रोवलेल्या खुंटांना! तोफांनी पुढे हिंदी महासागर धाकात ठेवणाऱ्यांचा एवढा मोठा सरदार मासे पकडण्याच्या खुंटांना अडकून मेला. आमच्या गावाच्या नावातही ‘खुट’ आहे. तेवढाच आमचा आरमारी इतिहासाशी संबंध, असे मी म्हणालो, तेव्हा मुले हसली नाहीत, बाई हसल्या.

मग सकाळच्या प्रश्नाचे उत्तर दिले. पलीकडचा काठ आहे. तिकडे अरबस्तान, त्याच्या वरच्या अंगाला होर्मुझ. तिथून १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन जहाजात बसला आणि इथे, चौलला, उतरला. घोडा विकून नफा करावा एवढाच बेत. इथून तो घाट चढून आपल्या पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरला गेला आणि पावसाळा तिथेच काढला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. निकितिन रडकुंडीला आला. अखेर एका ओळखीच्या खुरासानी माणसाच्या रदबदलीने घोडा सुटला. पुढे तो बीदरला गेला, परत निघाला, आणि आपल्या गावी पोहोचण्याआधीच वाटेत वारला. त्याची रोजनिशी तेवढी घरी पोहोचली. रेवदंड्यातल्या एका शाळेच्या आवारात त्याचे स्मारक आहे. ते मुलांना दाखविले.

“घोड्याचं फुडं काय झालं?” कोणीतरी विचारले. मास्तराला इतिहासात नेमके तेच येत नसते, जे मुलांना हवे असते.

तीन वाजत आले तेव्हा तो नातू पिशवी घेऊन माझ्याजवळ आला. मुलांना तटाच्या पायऱ्यांवर बसविले, बाकीचे शिक्षक दोहों बाजूंना, आणि मी एकटा नारळ घेऊन पाण्याशी गेलो. हात जोडले, नारळ सोडला. लाटेने तो दहा पावले नेला आणि माझ्या पायाशी आणून ठेवला. पुन्हा सोडला, जोराने फेकला; पुन्हा परत. तिसऱ्या खेपेस पायऱ्यांवरून टाळ्या पडू लागल्या. नातवाचे तोंड मात्र उतरले होते. त्याला वाटले, समुद्राने आजीचा नारळ नाकारला.

मासळी वाळत घातलेल्या जागेवरून एक कोळीण मघापासून पाहत होती. ती म्हणाली, “मास्तर, आता भरती हाय. नारल परतच येल. पानी उतराला लागला म्हंजे टाका.”

बेचाळीस मुलांकडून ज्याने पाऊणकी करून घेतली त्याला एवढे सुचू नये! चालकाने दोनदा हॉर्न वाजविला. त्याला अंधारापूर्वी घाट गाठायचा होता. मी त्याला हात केला आणि मुलांजवळ पायऱ्यांवर जाऊन बसलो. नारळ नातवाच्या मांडीवर. तटाच्या दगडावर पाण्याची रेघ होती तिथे एकाने खडूने खूण केली. सगळे त्या खुणेकडे पाहत बसले. पावणेचारला खुणेखाली चार बोटे ओला दगड दिसू लागला.

या वेळी नारळ त्या मुलाने टाकला, मी त्याचा हात धरून उभा होतो. तो आधी थोडा डुचमळला, मग कोर्लईच्या दिशेने निघाला.